निळ्या फळीचं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर बसूनसुद्धा नाही — तिथे मी बाकीचं सगळं बोलते आणि इथवर आले की थांबते, जणू काही त्याला ठाऊकच नसेल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे काही फार मोठं कारण नाही. पण आहे ते एवढंच आहे.

आधी मी कशी आहे ते सांगते. मी मोजून वागणारी बाई आहे. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता तेव्हा आमच्या धारूरच्या गल्लीत आठव्या दिवशी टँकर यायचा, घरटी दोन ड्रम. एकदा माझ्या वाट्याला दोन घागरी जास्त आल्या, तर त्या मी शेवटच्या घरी नेऊन ओतल्या. कुणाच्या घरी कार्य असलं की किती माणसांना किती तांदूळ, मांडवाला किती पत्रे, हे मला विचारतात. ‘मंगलताईनं सांगितलं’ म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. कौतुक म्हणून सांगत नाही हो. हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही — कारण मी जे केलं ते याच नावाच्या जोरावर केलं.

दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, कुणी पश्चिमेकडच्या कारखान्यांवर, कुणी पार कर्नाटकात. सोबत नेता येत नाहीत आणि कुलपाच्या भरवशावरही सोडवत नाहीत अशा चार वस्तू ती मागे राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवतात. शिलाई मशीन, तांब्याचा हंडा, लेकीसाठी घेऊन ठेवलेलं कपाट. त्या वर्षी माझ्याकडे सात घरांची ठेव होती. मी वहीत प्रत्येक वस्तू लिहून घ्यायची. तिचं माप, तिच्यावर पोचा असला तर तो कुठे आणि केवढा. परत देताना वस्तू समोर ठेवायची आणि वही वाचायची. इतक्या वर्षांत एकदाही तक्रार आली नाही.

पंचशीलाचं घर आमच्या गल्लीच्या मागे, बौद्ध वस्तीत. ती आणि तिचा नवरा दर वर्षी तोडीला जायची, पण सासू घरी असायची, म्हणून त्यांची ठेव कधी माझ्याकडे आली नव्हती. सासूचं नाव गयाबाई. सगळे गयामाय म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी सगळं हातानं ओळखून करायची. त्या वर्षी मात्र वस्तीवरचा हापसा आटला. एकट्या म्हातारीला पाणी कोण आणून देणार? म्हणून तिला माजलगावला लेकीकडे ठेवायचं ठरलं. तिथे धरण आहे. आणि घर पहिल्यांदाच बंद झालं.

तेव्हा पंचशीला एक निळी फळी घेऊन आली. भिंतीला ठोकायची, खाली दोन तिकोनी आधार असलेली, सागाची. गयामायच्या नवऱ्यानं धम्मदीक्षेनंतर स्वतः रंधा मारून केलेली. तिच्यावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असायचा. मूर्ती आणि फोटो पंचशीलानं कपड्यात गुंडाळून बरोबर नेले.

“फळीच नेता येईना, ताई,” ती म्हणाली. “तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत भिंत कुठं हाय ठोकायला? उंदरानं, वाळवीनं खाल्ली तर म्हातारी माजलगावातून चालत यील.”

आम्ही दोघी हसलो. मी वहीत लिहिलं — निळी फळी, लांबी बावीस इंच, रुंदी सात, जाडी एक. पुढच्या कडेला मधोमध रंग गेलेला. आमच्या गल्लीतल्या एकीनं नंतर विचारलंसुद्धा, त्यांच्या देवाची फळी तू घरात कशी ठेवून घेतलीस? मी म्हणाले, लाकूड आहे ते, माणूसच आहे तीही. तेव्हा मला माझाच फार अभिमान वाटला होता. आता तो अभिमान आठवला की कसंतरी होतं.

आता आमच्या कामाबद्दल. आम्ही बारा जणींनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. पापड, कुरडया, शेवया. मी सचिव. पण कुरडईला गहू भिजवायला पाणी लागतं, आणि पाणी नव्हतं. पहिल्या दुष्काळात निम्मं काम गेलं, दुसऱ्यात सगळंच. तेव्हा कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला — भंगारातल्या खिडक्या, चौकटी, पेट्या घ्यायच्या, त्यांना रंग द्यायचा आणि तो रंग जुना दिसेल असा करायचा. शहरातले लोक घरात, हॉटेलात लावायला घेतात. मला पटलं. या कामाला पाणी लागत नाही. लागतं ते टर्पेंटाइन, आणि ते डब्यात मिळतं.

पद्धत सोपी आहे. एका रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा. मग जिथे झिजल्यासारखं दिसायला हवं तिथे मेणबत्ती घासायची. त्यावर दुसरा रंग. तो वाळला की पॉलिश पेपरनं घासायचं — मेण असेल तिथला वरचा रंग निघून येतो आणि खालचा दिसतो. शेवटी काथाचं पाणी फडक्यानं पुसून घ्यायचं, म्हणजे नवेपणाची चमक मरते. ऐकायला सोपी. पण आमचा माल काही जमत नव्हता. आम्ही सगळीकडे सारखंच घासायचो. शकीलाभाभी आमच्यातली सगळ्यात तोंडाळ. ती एकदा ओळीनं मांडलेल्या पेट्या बघून म्हणाली, “वैनी, हमारा माल बुड्ढा नै दिखता. बीमार दिखता.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तिचं म्हणणं खरं होतं. चार महिने झाले, एक नग विकला गेला नव्हता. बारा जणींपैकी तिघींनी कोयता घ्यायचं ठरवलं होतं. ज्या बायांनी आयुष्यात ऊस तोडला नव्हता त्या.

आणि म्हणून — बघा, ‘म्हणून’ म्हणाले मी. तो शब्द खोडते. मी एक दिवस सकाळी ठेवीच्या खोलीत गेले आणि निळी फळी काढून बाहेर घेऊन आले. दुसऱ्याच्या ठेवीला कारणाशिवाय हात लावायचा नाही हा माझाच नियम होता. पण मला बघायचं होतं, खरी वस्तू झिजते तरी कशी. मी ती पडवीत, आमच्या मालाच्या शेजारी ठेवली आणि बघत बसले. दोन्ही टोकांना रंग जवळजवळ जसाच्या तसा होता. पुढच्या कडेला मधे, चार बोटं रुंदीत, निळ्याखालचा पांढरा, पांढऱ्याखालचा तांबडा आणि तांबड्याखालचं लाकूड, असं एकेक उघडं पडत गेलं होतं. गयामाय रोज मेणबत्ती लावताना डावा हात तिथे टेकवायची. किती वर्षं? साठाला थोडीच कमी. मी हिशेबसुद्धा केला, दिवसाला दोनदा धरून. मग मी बोटानं ती जागा चाचपली. लाकूड तिथे किंचित खोलगट होतं. माझा अंगठा आपोआप त्यात बसला.

हे मला तेव्हाच कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

त्याच दिवशी पुण्याच्या एक बाई येणार होत्या. एका हॉटेलातल्या खोल्या सजवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या संध्याकाळी येणार असा निरोप होता आणि आल्या दोन वाजता. फळी आत न्यायची राहिली — राहिली की मी ठेवली? हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांनी आमचा माल एकेक उचलून पाहिला आणि खाली ठेवला. नऊ जणी भिंतीला टेकून उभ्या. आणि मग त्या फळीपाशी आल्या.

त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं. “अहो, हे काम!” म्हणाल्या. “हे कुणी केलं?”

शेवटचा हात माझा असतो हे सगळ्यांना माहीत. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ही फळी कुठून आली हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. मला वाटतं, एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. तेवढ्यात मी सांगू शकले असते की ही आमची नाही, ठेव आहे. बाई निघून गेल्या असत्या. किंवा गेल्याही नसत्या. कुणास ठाऊक?

“मी,” असं मी म्हणाले.

साठ नगांची मागणी होती. अगदी अशाच साठ फळ्या, खोलीला एक. मालकाला दाखवायला नमुना म्हणून हीच नेते, असं बाई म्हणाल्या. मी विचारलं, परत मिळेल ना? त्या म्हणाल्या, मिळेल की, तुम्ही साठ पाठवाल तेव्हा. चहा होईपर्यंत मी आत जाऊन फळीचे सहा फोटो काढले, पुन्हा माप घेतलं, आणि मग माझ्या हातानं ती जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली. शकीलाभाभीनं माझी दृष्ट काढली. खरंच — मीठ-मोहऱ्या ओवाळून.

मी हिशेब मांडला होता. तोडीवाले गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तोवर साठ फळ्या होतील, नमुना परत येईल, जागच्या जागी जाईल, कुणाला काही कळणार नाही. हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती. दुष्काळ फक्त आमच्याकडे नव्हता. त्या वर्षी उसालाच पाणी नव्हतं. कारखाने लवकर बंद झाले. फेब्रुवारी अर्धा झाला नव्हता तेव्हा पंचशीलाचा फोन आला, “ताई, पट्टा पडला, कारखाना बंद. पंधरा दिवसांत येताव आमी.”

मी पुण्याला फोन लावला. बाई खुशीत होत्या. म्हणाल्या, मालकांना तुमचा नमुना इतका आवडला की त्यांनी तो हॉटेलात लावलाच नाही, घरी नेला. त्यांची मंडळी आता तो काढू देत नाहीत. तुम्ही काळजी करू नका, तुमचं काम पक्कं आहे.

मी तेव्हा तरी सांगायचं. नाही का? तेव्हा तरी. म्हणायचं, ती फळी माझी नाही, मी खोटं बोलले. मी म्हणाले, “बरं.”

पंधरा दिवसांतले अकरा दिवस मी एका फळीवर घालवले. भंगारातून जुन्या दाराचा सागवानी तुकडा शोधला. बावीस, सात, एक. तांबडा, पांढरा, निळा. फोटोत बघून बघून मेण लावलं, जिथे हवं तिथेच, चार बोटं. टोकांना हात लावला नाही. खिळ्यांची भोकं त्याच अंतरावर पाडली. मूळ फळीवर मेणबत्तीचे डाग होते, तेही पाडले. बाराव्या दिवशी मी ती लांबून पाहिली आणि — हे सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते — मला आनंद झाला. आमचा एकही नग असा झाला नव्हता. ही फळी आजारी दिसत नव्हती. पुढे तशाच आम्ही साठ केल्या. संस्था टिकली, त्या तिघी तोडीला गेल्या नाहीत. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. हे घडलं, म्हणून सांगते.

पंचशीला आली. मी फळी समोर ठेवली, वही वाचली. तिनं पदरानं फळी पुसली. “लई निगा राखली हो, ताई,” म्हणाली आणि मला गुळाची ढेप दिली, कारखान्याकडून येताना आणलेली. तो गूळ आम्ही दोन महिने खाल्ला. चांगला होता.

इथे हे संपलं असतं तर मी कदाचित तुम्हाला सांगितलंही नसतं. वस्तूची चोरी माणूस पचवतो. मी पचवलीच असती.

चार दिवसांनी पंचशीला पुन्हा दारात. कपाळाला आठ्या. “ताई, जरा चला की. म्हातारी माजलगावहून आलीया आन् ऐकंनाच. तुमी सांगितलं तर ऐकंल. ती वहीबी घ्या संगं.”

मी वही घेतली. टेपही घेतला. तो मला कुणी आणायला सांगितला नव्हता.

घरात पाच-सहा बायका जमल्या होत्या. गयामाय भिंतीपाशी उभी होती. फळी पूर्वीच्याच खिळ्यांवर, मूर्ती आणि फोटो जागेवर. आणि तिचा डावा हात फळीच्या कडेवर होता. तो सारखा इकडून तिकडे सरकत होता, अंधारात दाराची कडी शोधावी तसा.

“ही आपली न्हाई,” ती म्हणत होती.

“आगं आत्याबाई, निळी न्हाई का? डाग न्हाईत का मेणाचे?” पंचशीला म्हणाली.

“आसतील. मला कुठं दिसतंय? पर हात बसंना.”

“कावून बसंना?”

“खळगा न्हाई इथं. माझ्या हाताचा खळगा हाय. दोन सूत खोल हाय.”

सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग. नवऱ्याच्या हाताखाली काम करताना ती शिकली असणार. दोन सूत. पाव इंच. मी मनात म्हटलं, बरोबर. माझा अंगठा जेवढा आत गेला होता तेवढंच. मी रंग झिजवला होता. लाकूड झिजवायचं राहिलं होतं. फोटोत खळगा दिसत नाही.

दारातली एक बाई म्हणाली, “म्हातारे, धरणाचं पाणी लई पिऊन आलीस. सून तरी वळखतीस का?” सगळ्या हसल्या. पंचशीलाही हसली, पण तिच्या डोळ्यांत काळजी होती. तिच्या आईचं शेवटी शेवटी असंच झालं होतं, घरातल्यांना ओळखेनाशी झाली होती. ती हळूच मला म्हणाली, “सुरुवात तर न्हाई ना, ताई?”

आणि मी — आता येते मी तिथे. इतका वेळ मी आजूबाजूला फिरते आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल. मी वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं. निळी फळी, बावीस, सात, एक. पुढच्या कडेला मधोमध रंग गेलेला. मग टेप लावला. सगळ्यांसमोर. लांबी — बावीस. रुंदी — सात. जाडी — एक. एक दोरासुद्धा कमी-जास्त नाही. जमलेल्या बायका वाकून बघत होत्या. वहीत जे लिहिलं होतं ते खरं होतं, टेपवर जे दिसत होतं तेही खरं होतं. दसऱ्याला मी जाडी टोकाला मोजली होती. मधे मोजली असती तर आकडा पाऊण आला असता. हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं. एक मी. आणि एक ती, जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

“माय,” मी म्हणाले, “माप तंतोतंत तेच आहे. चार महिने सवय मोडली म्हणून हाताला वेगळं लागतंय. वयानं होतं असं.”

वयानं होतं असं. हे शब्द माझे आहेत. पंचशीलाचे नाहीत, त्या हसणाऱ्या बाईचे नाहीत. खळग्याचं ऐकल्यावर जे कुणी गप्प बसलं असतं त्याच्या गप्प बसण्यालाही मी कदाचित माफ केलं असतं. मी गप्प बसले नाही. मी पुरावा दिला.

गयामायनं वाद घातला नाही. मला वाटत होतं ती घालेल — मी तयारीत होते. तिनं फक्त फळीवरचा हात काढला आणि तळवा लुगड्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, जणू त्यालाच काही लागलं असावं. मग खाली बसली. “मेनबत्ती तू लाव,” सुनेला म्हणाली. त्यानंतर तिनं स्वतः कधी लावली नाही.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी पंचशीलानं फळीला नवा निळा रंग दिला. माझं काम झाकलं गेलं. मला त्या रात्री गाढ झोप लागली.

पण मग हळूहळू कानावर यायला लागलं. म्हातारी विचारायला लागली आहे. पेला हातात दिला की विचारते, ह्यो आपलाच हाय का? चप्पल पायात घालताना थांबते, ही माझीच का गं? अंगणातल्या दगडावर बसायच्या आधी चाचपते आणि कुणी ‘हो’ म्हणेपर्यंत बसत नाही. डोळे तिचे आधीच गेले होते. हातावर ती जगत होती. त्या हातांचं म्हणणं खोटं, असं मी वही वाचून सिद्ध करून दिलं होतं. मग ती कशाच्या आधारावर पेला ओळखणार? पंचशीलानं तिला अंबाजोगाईला दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला दिवसा झोप यायला लागली. तोडीच्या दिवसांत तिला एकटं ठेवता येईना, म्हणून पुढचे दोन हंगाम पंचशीला गेली नाही, नवरा एकटाच गेला, दुसऱ्याच्या जोडीला अर्धा कोयता म्हणून — नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला मजुरी अर्धी. हेही माझ्या त्या तीन आकड्यांमुळे.

किती वेळा मी त्यांच्या घराकडे निघाले? मोजलेलं आहे. सात वेळा. चार वेळा कोपऱ्यावरून परत आले. दोनदा आत जाऊन चहा पिऊन आले. पुण्याच्या त्या बाईंना मात्र मी पुन्हा कधी फोन केला नाही. फळी कुठे आहे हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं आणि त्यांनी सांगितलं असतं, तर मला आणायला जावं लागलं असतं.

गयामाय तिसऱ्या उन्हाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. पंचशीला माझ्या शेजारी बसून रडली. “सेवटी सेवटी तिला आपलं कोन्तं आन् परकं कोन्तं, कायीच कळत नव्हतं, ताई,” म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांच्या घराकडे निघाले त्या सात वेळांपैकी सहा सांगितल्या. एक राहिली.

गयामाय जाण्याच्या महिनाभर आधी. पंचशीला टँकरच्या रांगेत होती. घरात म्हातारी एकटी, बाजेवर. मी आज सांगायचंच ठरवून गेले होते. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तिनं पाय वाजताच विचारलं, “कोन?” मी म्हणाले, “मंगल.” ती उठून बसली. पायांवरची गोधडी दोन्ही हातांनी चाचपत होती, टाक्यांवरून बोटं फिरवत होती. ती गोधडी तिनं स्वतः शिवली होती, वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं.

“मंगल,” ती म्हणाली, “ही गोधडी माझीच का गं?”

“तुमचीच आहे, माय.”

तिची बोटं थांबली. “तू म्हनतीस म्हंजी आसंल,” म्हणाली आणि निवांत आडवी झाली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती, माझ्या आवाजाकडे तोंड करून. मी गोधडी तिच्या पायांवर सारखी केली, बाजेखालचा पाण्याचा तांब्या तिच्या हाताला लागेल असा सरकवला, आणि बाहेर पडताना आवाज होऊ नये म्हणून दार सावकाश ओढून घेतलं.